शीव

सकाळी सहाला मी टाकीवर चढतो.
टीसीएल आधी बादलीत कालवायची,
ढवळायची, चुना खाली बसू द्यायचा,
मग वरचं निवळ तेवढं टाकीत.
अर्ध्या तासाने शेवटच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं,
ओटीचे थेंब टाकायचे.
पिवळं झालं तर प्यायचं.
नाही झालं तर पुन्हा चढायचं.

शेवटचा नळ अठ्ठेचाळीस नंबरच्या टिनाजवळ आहे.
तिथे पाणी पिवळं होत नाही.

आम्ही ढिवर. पिपरडोहाचे.
डोहात कुठे गार लागतं, कुठे कोमट,
पायाच्या बोटांना ठाऊक होतं.
चैतात आई नदीच्या रेतीत हातभर झिरा खणायची,
पहिलं गढूळ उपसून फेकायची, दुसरंही,
तिसरं गडव्यात.
त्याला कुणी कार्ड देत नव्हतं.

आता कार्ड आहे. लाल.
ग्रामपंचायतीत घड्याळाखाली लावलंय.
पाइप नालीतून जातो, सांध्याला फुटलाय,
वीज गेली की उलटा श्वास घेतो,
नालीतलं आत ओढतो.
हे मी तीनदा लिहून दिलं.
तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, अक्षर छान आहे रे तुझं.

श्रावणात आधी सुकरामची नात,
मग एका रात्रीत अकरा जण.
शाळेच्या व्हरांड्यात सलाईनच्या बाटल्या
खिडकीच्या गजांना बांधल्या.
सुतळी संपली तेव्हा टिनाटिनातून जाळ्यांची दोरी आली,
दोन वर्षं कोरडी पडलेली.

नात वाचली.
सुकराम दिघोरे, डोंगा वल्हवणारा,
भर पुरात अडलेली बाई पैलतीराला नेलेला,
पहाटे साडेतीनला कोरडा झाला.
बायको चमच्याने मीठसाखरेचं पाणी पाजत होती,
"घेना जी, घेना,"
तो गेल्यावरही दोन चमचे.

कागदावर लिहिलं : गॅस्ट्रोसदृश.
सदृश म्हणजे काय, तिने मला विचारलं.
म्हटलं, सारखं. त्याच्यासारखं दिसणारं.
"मंग मेला कोन? तेच्यासारखा दिसनारा?"

पोळा आला. बैल केव्हाच विकलेले.
पोरांनी तरी कालव्यापलीकडून पळसाचे मेढे आणले,
नंबर टाकलेल्या दारांना टेकवले,
पाडव्याच्या पहाटे उचलून निघाली ओरडत :
खोकला घेऊन जाय गे मारबत!
ढेकूण घेऊन जाय गे मारबत!
हगवण घेऊन जाय गे मारबत!
एकाने नवं जोडलं : टिन घेऊन जाय गे मारबत!
कुणी हसलं नाही.

गोठणाच्या टोकाला सगळी थांबली.
मेढे शिवेवर टाकायचे असतात.
आमची शीव चार पुरुस पाण्याखाली.
समोर दुसऱ्या गावाची शीव, तिथली एक म्हातारी
शेणाची पाटी घेऊन उभी.
"इकडं नोका टाकू बाप्पा," ती म्हणाली,
रागाने नाही.
"आमचेही लेकरं आहेत."

पोरं माझ्याकडे बघायला लागली.
पाण्याचा माणूस मी एकटाच होतो तिथे.

त्यांना नालीपाशी नेलं.
सांधा दाखवला, बुडबुडे येत होते.
म्हटलं, इथे.
सत्तेचाळीस मेढे पडले त्यावर.
अठ्ठेचाळीसच्या दाराला कुणी लावलाच नव्हता.

दुपारपर्यंत नाली तुंबली.
घाण पाणी डांबरी रस्त्यावर चढलं,
तालुक्याहून आलेली जीप त्यात अडली,
साहेब पँट दुमडून उतरले
आणि पहिल्यांदाच त्यांनी पाइप पाहिला.

मला खुलासा मागितलाय. दोन दिवसांत.
शासकीय नाली कोणाच्या आदेशाने बंद केली.

कागद घेतला. समास सोडला.
वर उजव्या कोपऱ्यात
गावाचं नाव लिहायचं असतं.